ब्रेक का किंचाळतो?

सिंगापुरात आवाजाला फारशी प्रतिष्ठा नाही. पुण्या-मुंबईच्या रस्त्यावर वाढलेल्या माणसाला इथे आल्यावर पहिले काही दिवस कानाला दडे बसल्यासारखं वाटतं. रिक्षांची फटफट नाही, वरातीचा बँड नाही, हॉर्न क्वचित. पण या शांततेची दुसरी बाजूही आहे. एवढासा आवाज इथे फार मोठा होतो. लक्ष्मी रोडवर ज्या किंचाळीकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नसतं, ती पहाटे सहाला एचडीबीच्या बहुमजली कारपार्कमध्ये उठली की समोरच्या ब्लॉकच्या दोन-तीन खिडक्यांत दिवे लागतात.

अशी किंचाळी गेल्या वर्षी आमच्या स्कूटरच्या पुढच्या डिस्क ब्रेकने सुरू केली. (या लेखात ‘आम्ही’ म्हणजे कधी आम्ही एकटेच, तर कधी सौ. आणि चिरंजिवांसह. वाचकांनी प्रसंग पाहून समजून घ्यावं.) स्कूटर 125 सीसीची, पुढे डिस्क आणि मागे ड्रम ब्रेक. टॅम्पनीसहून लोयांगच्या कारखान्यात जायला आम्हाला ती फार सोयीची. शिवाय इथे दुचाकी घेणं म्हणजे काही गंमत नाही. वाहनाच्या किमतीवर सीओई नावाचा दहा वर्षांचा परवाना लिलावात घ्यावा लागतो, आणि दुचाकीच्या सीओईचा भाव 2022 मध्ये 10 हजार डॉलरच्या वर गेला होता. त्यामुळे हातात आहे ती स्कूटर माणसं जिवापाड जपतात. आम्हीही जपतो.

किंचाळी सुरू झाली तेव्हा आधी आम्ही मनावर घेतली नाही. शेजारच्या मलाय आजीबाई लिफ्टमध्ये भेटल्या की हसून म्हणायच्या, "तुमची स्कूटर आली की माझा नातू उठतो." पण प्रकरणाला वेगळंच वळण लागलं ते चिरंजिवांमुळे. पॉलिटेक्निकच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या आमच्या चिरंजिवांनी 2बी वर्गाचं लायसन्स काढलं. 200 सीसीपर्यंतची दुचाकी चालवायला हे लायसन्स पुरतं, आणि त्यासाठी वय हवं फक्त अठरा. इंटर्नशिप विमानतळाच्या बाजूला, कामाची वेळ सकाळी साडेसहाची. बसने जायचं तर पाचला उठायला हवं. "बाबा, स्कूटर मला द्या ना, तुम्ही बसने जा," असा सरळ प्रस्ताव आला.

सौ.नी एकच अट घातली. "आधी तो आवाज घालव. ज्या गाडीचा ब्रेक ओरडतो ती गाडी माझ्या मुलाच्या हातात जाणार नाही."

आईचं हे म्हणणं कुणालाही पटेल असंच आहे. ओरडणारा ब्रेक म्हणजे बिघडलेला ब्रेक, शांत ब्रेक म्हणजे चांगला ब्रेक. आवाज म्हणजे दुखणं आणि शांतता म्हणजे तब्येत, असं आपण सगळेच धरून चालतो. पण ब्रेकच्या बाबतीत हे गणित फसवं आहे, आणि ते किती फसवं आहे हे आम्हा दोघांना त्याच आठवड्यात कळलं.

त्या दिवसांत आमच्या कारखान्यात रोज रात्री नऊ वाजत होते. त्यामुळे स्कूटर एका वर्कशॉपमध्ये दिली. नाव सांगण्यात काही अर्थ नाही. संध्याकाळी आणायला गेलो तर तिथला पोरगा खुशीत. "नो मोर नॉइज, बॉस!" खरंच, आवाज गेला होता. पैसेही फारसे घेतले नाहीत. दुसऱ्या दिवशी शनिवार. आम्ही दोघं भाजी आणायला निघालो. स्कूटर कारपार्कच्या वरच्या मजल्यावर उभी, पाऊस नुकताच थांबलेला. गोल उतारावरून सावकाश खाली येताना शेवटच्या वळणावर आम्ही उजव्या हाताचा, म्हणजे पुढचा ब्रेक दाबला. लिव्हर नेहमीसारखाच घट्ट लागला. आवाज अजिबात नाही. आणि स्कूटर तशीच पुढे चालली! समोर बाहेर पडायच्या फाटकाचा आडवा दांडा. डाव्या हाताचा मागचा ड्रम ब्रेक जोरात दाबला, दोन्ही पाय जमिनीला घासले, तेव्हा दांड्यापासून वीतभर अंतरावर आम्ही थांबलो. सौ. मागून उतरल्या. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "त्यापेक्षा ओरडत होता तेच बरं होतं."

झालं होतं काय, तर त्या पोराने डिस्कवर आणि पॅडवर वंगणाचा फवारा मारला होता. दाराच्या बिजागरीची कुरकुर दोन थेंब तेलाने थांबते, तसाच हिशेब. पण बिजागरीचं काम फिरण्याचं, तिथे घर्षण नकोच असतं. ब्रेकचं सगळं काम घर्षणावर चालतं. तिथे तेल गेलं म्हणजे आवाज गेला आणि ब्रेकही गेला.

इथे थोडं शास्त्र सांगतो. घाबरू नका, परीक्षा नाही.

डिस्क ब्रेकची रचना तशी सोपी. चाकाबरोबर फिरणारी एक पोलादी चकती, तीच डिस्क. तिच्या दोन्ही बाजूंना दोन पॅड, आणि त्यांना धरून ठेवणारा कॅलिपर नावाचा चिमटा. आपण लिव्हर दाबला की ब्रेक ऑइलचा दाब नळीतून कॅलिपरमधल्या पिस्टनपर्यंत पोचतो आणि पॅड चकतीला दोन्हीकडून आवळतात. ब्रेक लावताना गाडीचा भार पुढच्या चाकावर येतो, म्हणून थांबवण्याचं बरंचसं काम पुढचाच ब्रेक करतो. काम किती? आमची स्कूटर आणि आम्ही दोघं मिळून वजन धरा 240 किलो. ताशी 50 किलोमीटर वेगाने चाललो असू तर आमच्या अंगात सुमारे 23 हजार जूल ऊर्जा असते. तेवढ्यात एक लिटर पाणी जेमतेम 5.5 अंशांनी तापेल. पण तीच सगळी ऊर्जा एक किलोच्या पोलादी चकतीत गेली तर ती जवळजवळ 50 अंशांनी तापते, आणि तेही तीन-चार सेकंदांत. गाडी थांबते म्हणजे वेगाची उष्णता होते. या सगळ्या व्यवहारातला अगदी नगण्य हिस्सा आवाजात जातो. तोच नेमका आपल्या कानात घुसतो.

आता तो आवाज येतो कुठून? शाळेतली दगडी पाटी आठवा. पाटीवर पेन्सिल ओढताना मधेच "कीssच" असा आवाज यायचा आणि अंगावर काटा उभा राहायचा. फळ्यावरच्या खडूचंही तेच. त्या वेळी पेन्सिल सरळ सरकत नसते. ती क्षणभर अडकते, वाकते, सुटते, पुन्हा अडकते, आणि हे एका सेकंदात हजारो वेळा होतं. सारंगीच्या तारेवर गज फिरतो तेव्हाही असंच अडकणं-सुटणं चालतं. फरक एवढाच की तिथे ते सुरात असतं. मास्तर खडूचं टोक मोडायचे किंवा खडू जरा तिरका धरायचे की किंचाळी बंद व्हायची. खडू तोच, फळा तोच, नुसता धरण्याचा कोन बदलला.

ब्रेकमध्ये याच्या जोडीला आणखी एक गोष्ट असते. एनटीयूत मास्टर्स करताना आम्ही कंपनांचा विषय घेतला होता. त्यात ही गंमत पहिल्यांदा नीट समजली. चकती, पॅड आणि कॅलिपर यांना प्रत्येकाला थरथरण्याची आपापली लकब असते, जशी प्रत्येक घंटेला आपली पट्टी. दोन लकबी योगायोगाने एकमेकींच्या जवळ आल्या की त्या हातात हात घालतात, आणि फिरतं चाक त्यांना प्रत्येक फेऱ्यात थोडी थोडी ऊर्जा देत राहतं. झोक्याला नेमक्या वेळी हलकासा धक्का देत गेलं की झोका आपोआप उंच जातो ना, तसंच. बघता बघता चकती टाळेसारखी वाजू लागते. सेकंदाला साधारण 1 हजारापासून 16 हजारांपर्यंत कंपनं. माणसाचा कान 2 ते 5 हजारांच्या टप्प्यात सर्वांत तिखट असतो. म्हणून तो आवाज आपल्याला इतका झोंबतो.

ही जुळणी फार नाजूक असते. पॅड थोडा झिजला, हवेत ओल आली, चकती तापली, की लकबी बदलतात आणि आवाज येतो किंवा जातो. म्हणूनच घरी ओरडणारा ब्रेक गॅरेजमध्ये मुका होतो. डॉक्टरांच्या दारात मुलाचा खोकला थांबतो ना, अगदी तसा. आणि म्हणूनच नुसत्या किंचाळीवरून ब्रेक बिघडला असा निष्कर्ष काढता येत नाही. किंचाळणारा ब्रेक उत्तम थांबवणारा असू शकतो. उलट अगदी शांत ब्रेक काय करू शकतो, ते वर सांगितलंच.

हा आवाज डिस्क ब्रेकच्या पाचवीलाच पुजलेला आहे. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या फ्रेडरिक लँचेस्टर या इंजिनिअरने 1902 मध्ये मोटारीसाठी डिस्क ब्रेकचं पेटंट घेतलं. त्यात चकतीवर तांब्याचं अस्तर आवळलं जायचं. धातूवर धातू घासला की जे होतं तेच झालं, गाडीत बसवेना. त्याच काळात हर्बर्ट फ्रूड नावाचे गृहस्थ ब्रेकच्या अस्तरांमागे लागले होते. डर्बीशायरच्या डोंगराळ भागात घोडागाडीवाले उतारावर ब्रेकच्या ठोकळ्याला जुन्या बुटाचं कातडं लावतात, हे त्यांनी 1897 च्या सुमारास पाहिलं होतं. त्यातूनच त्यांचा उद्योग उभा राहिला. फ्रूड या आडनावाची अक्षरं उलटसुलट करून, त्यात पत्नीच्या नावाचं आद्याक्षर घालून त्यांनी ‘फेरोडो’ हे नाव तयार केलं, आणि ते आजही ब्रेक पॅडच्या खोक्यावर दिसतं. 1907 मध्ये फ्रूड यांनी लँचेस्टरच्या ब्रेकला अ‍ॅस्बेस्टॉसचं अस्तर सुचवलं. आवाज कमी झाला, अस्तर टिकलंही जास्त. पुढे अनेक दशकं जगभरच्या ब्रेकमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस राहिलं. मग कळलं की त्याची धूळ फुफ्फुसात जाऊन कर्करोग करते. युरोपीय संघाने 2005 पासून त्यावर पूर्ण बंदी घातली. शांततेसाठी काढलेला पहिला मोठा उपाय असा महागात पडला.

आपल्याकडे मात्र डिस्क ब्रेक बराच उशिरा आला. 1953 च्या ल मान्सच्या शर्यतीत जॅग्वारची मोटार डिस्क ब्रेकच्या बळावर जिंकली, होंडाने 1969 मध्ये सीबी 750 या मोटरसायकलला पुढे डिस्क दिली, पण आमच्या लहानपणचं पुणं ड्रम ब्रेकवर चालत होतं. आकुर्डीच्या बजाजची चेतक 1972 मध्ये आली आणि पुढे बरीच वर्षं बनत होती. आमच्या वडिलांचीही चेतकच. सकाळी तिला एका बाजूला कलती करायची आणि मग किक मारायची, हे आमच्या पिढीतल्या वाचकांना सांगायला नको. तिचाही ब्रेक कधीमधी कुरकुरायचा. मग गॅरेजवाला चाक काढायचा, ब्रेक शूचे लायनर पॉलिश पेपरवर घासायचा, धूळ झटकायचा, की महिनाभर निश्चिंती. तेव्हा आम्हाला ते गावठी वाटायचं. आता कळतं की त्या माणसाची पद्धत बरोबर होती. (धूळ तेवढी फुंकायला नको होती.) तीच चेतक 2020 मध्ये विजेवर धावणारी होऊन परत आली, आणि या वेळी पुढे डिस्क ब्रेक घेऊन. विजेच्या गाड्यांची आणखी एक गंमत आहे. इंजिनाचा आवाज गेल्यामुळे ब्रेकची बारीकशी कुरकुरही आता सगळ्यांना ऐकू येते.

असो. आपण उताराच्या तळाशी, त्या दांड्यापाशी होतो.

स्कूटर ढकलत बाजूला लावली. सोमवारी एका मित्राच्या लॉरीत घालून ती काकी बुकिटला नेली. तिथल्या औद्योगिक वसाहतीत दुचाकीची वर्कशॉपं ओळीने आहेत. त्यातल्या एका गाळ्यात सत्तरीचे एक चिनी अंकल बसतात. डोळ्यावर जाड चष्मा, पायात रबरी चपला. अंकलनी चाक हाताने फिरवलं, चकतीवरून बोट फिरवून बोट नाकाशी नेलं आणि आमच्याकडे असं पाहिलं की आम्हाला शाळेत छडी खाल्ल्यासारखं झालं. "हू स्प्रे धिस वन? ब्रेक मस्ट बाइट, लाह. नो बाइट, हाउ टु स्टॉप?"

पुढचा तासभर आम्ही आणि चिरंजीव अंकलशेजारी उकिडवे बसून पाहत होतो. सौ. स्टुलावर. जे पाहिलं ते क्रमाने लिहितो, म्हणजे कुणाला उपयोगी पडेल.

आधी कॅलिपरचे बोल्ट सोडून पॅड काढले. पॅडचा पदार्थ सच्छिद्र असतो. त्यात तेल मुरलं की ते घासून निघत नाही, म्हणून जुने पॅड सरळ कचऱ्यात गेले. नुसते गुळगुळीत चकचकीत झालेले पॅड असते तर पॉलिश पेपर सपाट काचेवर ठेवून त्यावर हलकेच घासले तरी चालतं. पॅडच्या पाठीचा पत्रा सोडून अस्तर 2 मिलिमीटरच्या आसपास उरलं, किंवा पॅडवरची झिजेची खाच दिसेनाशी झाली, की मात्र बदलायचेच. मग चकती ब्रेक क्लीनरने स्वच्छ पुसली, प्रत्येक वेळी फडक्याची नवी बाजू घेऊन. कॅलिपर ज्या पिनांवर मागेपुढे सरकतो त्या काढून पुसल्या आणि त्यांना सिलिकॉनचं ग्रीस लावलं. पिना अडकल्या की एकच पॅड घासत राहतो, वाकडा झिजतो आणि ओरडतो. बऱ्याच किंचाळ्यांचं मूळ इथेच असतं.

नंतर आले नवे पॅड. अंकलनी त्यांच्या पुढच्या-मागच्या कडा कानशीने थोड्या तिरप्या केल्या. उभी धारदार कड चकतीवर अडकते, तिरपी कड सरकते. मास्तरांच्या तिरक्या खडूचीच युक्ती! मग पॅडच्या पाठीला, पिस्टन टेकतो तेवढ्याच जागी, जास्त उष्णता सोसणाऱ्या खास ग्रीसचा पापुद्र्याएवढा थर. वाजत्या टाळेला तळहात लावला की ती गप्प होते, तसा हा थर पॅडची थरथर गिळतो. पण हे ग्रीस पाठीला. पोटाला चुकून बोटाचा ठसाही लागता कामा नये. त्या वर्कशॉपच्या पोराने नेमकं उलटं केलं होतं.

पॅड बसवण्याआधी अंकलनी दोन खोकी पुढे ठेवली होती. एकात ऑरगॅनिक पॅड, म्हणजे राळेत तंतू मिसळून केलेले. मऊ, शांत, स्वस्त. दुसऱ्यात सिंटर्ड, म्हणजे धातूची भुकटी दाबून तापवून केलेले. हे ओल्यातही चांगलं धरतात, जास्त टिकतात, पण कधीमधी आवाज करतात. आमच्या डिस्कला दोन्ही चालत होते. "विच वन?" अंकलनी विचारलं. आम्ही काही बोलायच्या आत स्टुलावरून उत्तर आलं, "पावसात धरणारे द्या."

"मे बी गॉट नॉइज, हं," अंकलनी बजावलं.

"असू दे," सौ. म्हणाल्या. मराठीतच. अंकलना समजलं.

पावसाचा मुद्दा इथे खरोखर मोठा आहे. सिंगापुरात वर्षाला सरासरी 2,100 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तोही बाराही महिने वाटून, आणि हवेतली आर्द्रता सरासरी 80 टक्क्यांच्या वर. ड्रम ब्रेक झाकलेला असतो, डिस्क उघडी. तिच्यावर पाणी उडतं, चिखल उडतो. भिजलेल्या चकतीवर पहिला क्षण ब्रेक उशिरा लागतो, म्हणून मुसळधार पावसात मधून मधून लिव्हर हलका दाबून चकती पुसून घ्यावी. दमट हवेचा दुसरा परिणाम डोळ्यांना दिसत नाही. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेतं. डॉट 4 प्रतीचं नवं ब्रेक ऑइल किमान 230 अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये असा दंडक आहे. पण ओल मुरलेल्या ऑइलसाठी हाच आकडा 155 वर येतो. लांब उतारावर चकती तापली, ऑइल उकळलं, त्यात वाफेचे बुडबुडे झाले, की लिव्हर स्पंजासारखा मऊ लागतो आणि मग काही खरं नाही. म्हणून गाडी कितीही कमी वापरली तरी दर दोन वर्षांनी ब्रेक ऑइल बदलून घ्यावं. अंकलनी आमचं काढलं तेव्हा ते कोऱ्या चहाच्या रंगाचं झालं होतं.

शेवटी अंकलनी चिरंजिवांना जवळ बोलावलं आणि नव्या पॅडना रुळवायचं कसं ते सांगितलं. मोकळ्या रस्त्यावर, मागे कुणी नाही असं पाहून, ताशी 40 वरून 10 पर्यंत हळूहळू वेग उतरवायचा, पूर्ण थांबायचं नाही, असं आठ-दहा वेळा. मधे चकतीला थंड व्हायला वेळ द्यायचा. पॅडचा पातळ सारखा थर चकतीवर बसला की दोघांचं जमतं. पहिले काही दिवस जोरात ब्रेक लावायची वेळ येऊ न देता पुढच्या गाडीपासून जास्त अंतर ठेवायचं.

आता स्कूटर चिरंजिवांना द्यायची की नाही? ‘आवाज गेला पाहिजे’ ही अट सौ.नी स्वतःच मागे घेतली होती. त्या जागी नवी अट आली, आणि ती आमच्या मते पहिलीपेक्षा कठीण होती. "कोणता आवाज कशाचा, हे त्याला ओळखता आलं पाहिजे." कारण विचारलं तर म्हणाल्या, "माझी आजी पलीकडच्या खोलीतून सांगायची, मोहरी तडतडली, आता हिंग घाल. दूध वर आलं तेही तिला ऐकू यायचं. याला निदान ब्रेक ऐकू येऊ दे."

मग दोन रविवार घरात शिकवणी झाली. पहिला आवाज सकाळचा, हलकी सर-सर किंवा खस-खस, दोन-तीनदा ब्रेक लावला की जाणारी. रात्रीची ओल आणि धूळ, काळजी नको. मोटारीच्या डिस्क बिडाच्या असतात, त्या रातोरात तांबूस होतात. स्कूटरच्या बहुधा न गंजणाऱ्या पोलादाच्या, म्हणून कमी. दुसरा आवाज थांबता थांबता येणारी बारीक, उंच किंचाळी. ब्रेक नीट लागत असेल तर धोका नाही, पण पॅडची जाडी आणि पिना पाहून घ्याव्यात. तिसरा आवाज खरखर, दगडावर पत्रा ओढल्यासारखी, आणि लिव्हरमध्येही जाणवणारी. पॅड संपला, आता पाठीचा पत्रा चकती खातोय. त्याच दिवशी गाडी थांबवायची, उद्यावर टाकायचं नाही. चौथा, चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला एकदा येणारा सूं... सूं... चकती किंचित वाकली आहे. पाचवा, ब्रेक लावताना किंवा सोडताना येणारा टक् आवाज. पॅड सैल, किंवा कॅलिपरचा एखादा बोल्ट ढिला. लगेच पाहायचं. सहावा, ब्रेक न लावताही सतत येणारी बारीक घसर, चाक हाताने फिरवलं तर जड लागणारी. पिस्टन मागे जात नाही, पॅड चकतीला चिकटून राहिलाय, चकती तापतेय.

पहिल्या रविवारी चिरंजीव चौथ्या आणि सहाव्यात अडकले. सतत येणारा आणि फेऱ्याला एकदा येणारा यातला फरक त्यांना ऐकू येईना. आम्ही स्कूटर मधल्या स्टँडवर लावून पुढचं चाक उचललं आणि त्यांना डोळे मिटून फिरवायला लावलं. दुसऱ्या रविवारी जमलं. "बाबा, हे कानाने कमी आणि बोटांनी जास्त कळतं," असं चिरंजीव म्हणाले, तेव्हा आम्ही शिकवणी संपवली. लिव्हरवरची दोन बोटं हा ब्रेक तपासण्याचा उत्तम काटा आहे, हे आम्ही सांगितलं नव्हतं.

किल्ली सौ.नी स्वतः दिली. स्कूटरला नवशिक्याची प्रोबेशन प्लेट लागली, ती वर्षभर राहील. दारात सौ.नी एवढंच सांगितलं, "ओरडला तर चालेल. एकदम गप्प झाला तर तिथेच थांब आणि फोन कर."

आज या गोष्टीला आठ महिने झाले. नव्या पॅडचा ब्रेक पावसात चांगला धरतो. अगदी शेवटच्या दोन मीटरला, विशेषतः ओल्या सकाळी, बारीक आवाज अजून करतो. शेजारच्या आजीबाईंना आम्ही चकल्या नेऊन दिल्या आणि परिस्थिती समजावून सांगितली. नातू आता शाळेत जाऊ लागला आहे, त्याला तसंही सहाला उठायचंच असतं, असं त्या म्हणाल्या.

मंडळातल्या अनेक घरांत आता मुलं अठराची होत आहेत, आणि 2बी लायसन्सचे अर्ज भरले जात आहेत. तीन वर्षं झालेल्या दुचाकीची इथे दरवर्षी सक्तीची तपासणी होते आणि तीत ब्रेकही पाहतात. पण दोन तपासण्यांच्या मधे 364 दिवस असतात. त्या दिवसांसाठी महिन्यातून एकदा टॉर्च घेऊन खाली बसावं, पॅडची जाडी पाहावी, ब्रेक ऑइलच्या काचेत पातळी आणि रंग पाहावा, चाक हाताने फिरवून ऐकावं. दहा मिनिटं पुरतात. आणि कुणी दोन मिनिटांत, दोन डॉलरच्या फवाऱ्याने आवाज घालवून देतो म्हणाला, तर स्कूटर तिथून सरळ ढकलत पुढच्या गाळ्यात न्यावी.